शेवटच्या प्रकरणाची घाई

एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या अख्ख्या गावासमोर उभं करून गुन्हेगार ठरवलं. तो गुन्हा त्याने केलेला नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण गोष्ट शेवटपर्यंत झाकून ठेवायची मला सवय आहे आणि त्या सवयीनेच घात केला.

मी वनखात्यात वनपाल आहे. माझं घर राजुऱ्याकडचं, वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. खाणीत अपघात झाला की चौकशी लागायची. चौकशीवाले यायचे, कागद भरायचे, चहा पिऊन जायचे, आणि कुणाचं चुकलं ते कधीच बाहेर यायचं नाही. लहानपणी मला हे फार लागायचं. चंद्रपुरात कॉलेजला असताना रद्दीच्या दुकानातून, इंग्रजी सुधारावं म्हणून, मी कव्हर फाटलेलं एक पुस्तक उचललं. बर्फाने वेढलेलं एक मोठं घर, घरात डझनभर माणसं, आणि सकाळी त्यातला एक मेलेला. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचायला मला दोन महिने लागले. कन्झर्व्हेटरी म्हणजे झाडं ठेवायचं काचेचं घर, एवढं कळलं. पण झाडं घरात का ठेवायची, ते मला जंगलात नोकरीला लागल्यावरही कळलं नाही.

पण शेवटी खुनी सापडला. कुणाचं चुकलं ते बाहेर आलं, तेही नीट, कारणांसकट. मला वाटलं, हे असं हवं.

त्यानंतर मी तसलीच पुस्तकं शोधत राहिलो. जुनी इंग्रजी, बहुतेक शंभरेक वर्षांपूर्वीच्या काळातली. त्या जगात काहीही विनाकारण नसतं. बंद पडलेलं घड्याळ, ओली छत्री, चहाचा एक जास्तीचा कप, सगळ्याला अर्थ असतो आणि तो अर्थ लावणारा एक शांत, हुशार माणूस असतो. वाचताना माझी एक पद्धत ठरून गेली. शेवटचं प्रकरण सुरू व्हायच्या आधी थांबायचं, चिठ्ठीवर संशयिताचं नाव लिहायचं, चिठ्ठी पुस्तकात ठेवायची आणि मग पुढे वाचायचं. नाव बरोबर निघालं की दिवसभर मी हवेत असायचो.

शेवटच्या प्रकरणाची तर मला हावच होती. सगळ्यांना एका खोलीत बसवलेलं असतं. तो हुशार माणूस मध्ये उभा राहून वीस-वीस पानं बोलतो, आणि तेवढ्या वेळात कुणी खोकत नाही, कुणी उठून बाहेर जात नाही. सगळे त्याच्याकडे बघत असतात. मला पुस्तकातला खुनी कधी आवडला नाही, मेलेल्याचंही फार वाईट वाटलं नाही. मला ती खोली आवडायची.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावाला माझी बदली झाली तेव्हा मी पंचेचाळिशीला आलो होतो. घरचे सगळे राजुऱ्याला, मी एकटा क्वार्टरवर. लोखंडी पेटीभर पुस्तकं सोबत. तिथे माझ्या हाताखाली एक वनरक्षक होती. तिशीची, राजुऱ्याकडचीच, बौद्ध घरातली. तिचे वडील शाळेत शिपाई होते आणि मुलीने वर्दी घालावी हा त्यांचा हट्ट होता. चार वर्षांत ती गोंडी बोलायला शिकली होती. मी शिकलो नव्हतो. मला वाटायचं, निरीक्षण असलं की पुरे.

पहिल्याच वर्षी चोरीला गेलेला सागाचा एक ओंडका मी बैलगाडीच्या चाकोरीवरून शोधून काढला. गाडीच्या एका चाकाला पट्टी नव्हती, एवढाच धागा होता. ऑफिसात सगळे मला 'सीआयडी साहेब' म्हणायला लागले. चेष्टेनेच म्हणायचे, पण मला ते आवडलं. गावातली माणसंही तसंच म्हणायची. वनरक्षक तेवढी म्हणायची नाही. ती म्हणाली, "सर, चाकाला पट्टी नाई हे साऱ्या गावाले माहीत होतं. तुम्ही विचारलं असतं तं सांगितलं असतं."

मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. उन्हाळा लागायच्या आत जंगलात जाळरेषा काढायचं काम असतं. रुंद पट्ट्यातलं गवत-पाला कापून, जाळून मोकळी जागा करायची, म्हणजे पुढे वणवा लागला तर तो पट्ट्यापाशी अडतो. हे काम सकाळी लवकर करतात, वारा नसताना, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत कुणीतरी तिथे थांबायचं असतं. त्या सोमवारी एका टोकाला वनरक्षक होती आणि दुसऱ्या टोकाला मी, आमच्यासोबत हंगामी मजूर. अकरा वाजता माझ्या बाजूचं बरंचसं जळून झालं होतं. मी मजुरांना म्हणालो, "विझलं की निघा," आणि क्वार्टरवर आलो. पुस्तकाची शेवटची चाळीस पानं राहिली होती. जेवण बाजूला ठेवून मी ती वाचली. चिठ्ठीवरचं नाव बरोबर निघालं. दुपारी मला छान झोप लागली.

बुधवारी दुपारी सागाच्या रोपवनाला आग लागली. मी तेव्हा तालुक्याला मीटिंगमध्ये होतो. शुक्रवारी परत आलो तोवर आग विझली होती. रोपवनाचा एक कोपरा गेला, पण आग नाल्यापाशी थांबली होती. वरून विचारणा झाली, कारण शोधा.

कारण तर सगळ्यांना पाठ असतं. मोहाचे दिवस. मोहाची फुलं पहाटे जमिनीवर गळतात, ती पाल्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणारे लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. तीच आग कधी हातची सुटते. खात्यातला कुणीही आधी तिकडेच बोट दाखवतो. पण मला नुसतं बोट दाखवायचं नव्हतं. मला ते सिद्ध करायचं होतं.

मी एकटाच गेलो. वही, टेप, चिमटा, कागदी पाकिटं. रोपवनाच्या काठावर मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याच्याखाली राख सगळ्यात जाड आणि पांढरी. म्हणजे आग तिथे जास्त वेळ होती, म्हणजे तिथूनच सुरू झाली, असं मी वहीत लिहिलं. राखेत अनवाणी पावलं आणि शेजारी काठीचे गोल ठसे. एक अर्धवट जळलेली चोंगी, म्हणजे पानात तंबाखू गुंडाळून ओढतात ती. आणि जमिनीवर मोहाची काळी पडलेली, करपलेली फुलं. तेही मी लिहिलं. माझी वही अजून माझ्याकडे आहे. सगळं त्यात आहे. मी काहीही पाहायचं सोडलं नव्हतं.

त्या गावात मोहाची झाडं घरोघर वाटलेली आहेत. कागद नाही, कुंपण नाही, पण कुठलं झाड कुणाचं हे सगळ्यांना माहीत. हे झाड गावच्या पेरम्याचं होतं. पेरमा म्हणजे गावाच्या वतीने देवाची पूजा करणारा माणूस. हा साठीच्या पुढचा, कमी बोलणारा, गुडघ्यामुळे काठी घेऊन चालणारा. चोंगी ओढायचा. मी त्याच्या घरावरून सहज म्हणून गेलो तेव्हा तो अंगणात बसला होता आणि त्याच्या धोतराचा काठ जळलेला होता.

मी चिठ्ठी लिहिली नाही, पण मनात लिहिलीच.

त्याला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. वनरक्षक तसं म्हणालीही. "सर, आधी घरी जाऊन बोलू." मी म्हणालो, "नाही, गाव बोलवा." रविवारी सकाळी गोटुलसमोर, जिथे गावाची बैठक बसते तिथे, सगळे आले. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. मी मध्ये खुर्ची ठेवायला सांगितली आणि खुर्चीत बसलो नाही. उभा राहिलो.

"आग कुठून सुरू झाली, हा पहिला प्रश्न," मी म्हणालो.

कुणी बोललं नाही. कुणी खोकलंही नाही. मला वाटलं, जमतंय.

मी राखेचं सांगितलं. पाकिटातून चोंगीचा तुकडा काढून दाखवला. मग विचारलं, "ते झाड कुणाचं?"

पेरमा उभा राहिला. "माहं हाय, साहेब."

"तिथे काठीचे ठसे आहेत. काठी कोण वापरतं?"

"मी वापरतो. गुडघा दुखते."

"तुझं धोतर कसं जळलं?"

"आग इझवाले गेलो होतो. मी न् माही सून. ओल्या पाल्याची डगाली घेऊन मारलं."

"लावणाराच आधी पोचतो," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठे वाचलं नव्हतं, पण वाचल्यासारखं वाटत होतं.

मागून एक माणूस म्हणाला, "मंग तुम्ही तं दोन दिवसांनी आले साहेब. तुम्ही सगळ्यात इमानदार."

लोक हसले. मीही हसलो, उदारपणे. मग आवाज खाली आणून, सावकाश, पेरम्याकडे बघत म्हणालो, "मोहफुलं वेचायला तू झाडाखालचा पाला जाळलास. आग हातची सुटली. मग घाबरून विझवायला गेलास."

तेव्हा काहीतरी बदललं. मला ते दिसलं, नाही असं नाही. बायांच्या बाजूची कुजबुज थांबली. मघा हसलेला माणूस खाली बघायला लागला. पेरमा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पंडुम नाई झाला अजून, साहेब."

"सणाचं नंतर पाहू," मी म्हणालो. "मी आगीचं बोलतोय."

तेच वाक्य तो पुन्हा बोलला, आता गोंडीत, मला नाही तर लोकांना. तो खाली बसला. मी त्याचा जबाब लिहून घेतला, झाड माझे आहे, मी तिथे होतो, आणि खाली अंगठा. घरी येताना मोटरसायकलवर मी मनातल्या मनात सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलून पाहिलं. कुठे अडलो नव्हतो.

तीन दिवसांनी वनरक्षक म्हणाली, "सर, एक डाव त्या झाडापाशी चला."

आम्ही गेलो. तिने खाली बसून एक करपलेलं फूल उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"मोहाचं फूल."

"जळलेलं. वेचणारा माणूस फुलं पडाच्या आधी पाला जाळते, सर. पडल्यावर जाळलं तं वेचल काय, कोळसा?"

मी ते फूल हातावर उलटंपालटं करून पाहिलं.

"अन् हे काठीचे ठसे. राखेवर आहेत का राखेखाली?"

ते राखेवर होते, म्हणजे आगीनंतरचे. मी टेप लावून मोजले होते ते.

"आता पंडुमचं," ती म्हणाली. "इथी मोहाचा पंडुम झाल्याबिगर कोणी फुलाले हात नाई लावत. फुलं पडू देतात. हरणं खातात, अस्वल खाते, माणूस नाई. पेरमा पहिलं फूल देवाले देते, मंग गाव वेचते. हे काम त्याच्या बापाचं, आज्याचं. अन् तुम्ही साऱ्या गावात त्यालेच म्हणलं, का देवाच्या आधी तूच वेचाले बसला."

"मग त्याने मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं न सर. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणले, सणाचं नंतर पाहू."

उन्हं चढली होती. ती पुढे चालायला लागली, मी मागून. झाडापासून काळ्या जमिनीची एक अरुंद पट्टी जंगलात आत जात होती. तिच्या कडेने आम्ही गेलो आणि माझ्या बाजूच्या जाळरेषेवर पोचलो. तिथे एक वाळलेलं, आतून पोकळ खोड आडवं पडलेलं होतं, अर्धं जळून गेलेलं. पोकळ खोडात निखारा दोन-दोन दिवस धुमसत राहतो. हे मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे.

"सोमवारी तुम्ही अकरा वाजता गेले," ती म्हणाली.

"मजुरांना सांगून गेलो होतो."

"सोमवार बाजाराचा. साहेब गेल्यावर कोण थांबते? मी तिकडच्या टोकाले सगळं इझेपर्यंत होती. इकडं तुम्ही होते, म्हणून पाहाले नाई आली. थे माहंही चुकलं." मग म्हणाली, "एवढ्या लवकर काऊन गेले होते, सर?"

मी तिला सांगितलं नाही. पाण्याची बाटली काढून पाणी प्यायलो.

इथून पुढे मी जे केलं त्याची मला आगीपेक्षा जास्त लाज वाटते. आग ही चूक होती. गोटुलसमोरचा प्रकार हा माज होता, पण तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आणि मी एवढंच केलं की जबाबाचा कागद फाईलमधून काढला, रिपोर्टात 'कारण अज्ञात' लिहिलं आणि स्वतःला सांगितलं की माणूस सुटला, न्याय झाला. गावात गेलो नाही. गेलो तर काय बोलायचं, हे मला ठरवता येईना. पाऊस लागला, मग पेरण्या, मग मी बदलीसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी सिंदेवाहीला आलो.

वनरक्षकेचा कधीमधी फोन यायचा. तिच्याकडून कळलं की त्या वर्षी गावात मोह कमी पडला. कमी पडायला हवामानाची शंभर कारणं असतात, पण देव कोपला असं काहीबाही लोक बोलायला लागले. सगळे नाही, दोन-चार घरं. पेरम्याच्या कानावर ते गेलं. तो कुणाशी भांडला नाही. म्हणाला, माझ्यावर बोट आहे तोवर मी पहिल्या फुलाला हात लावणार नाही. तेव्हापासून त्याचा चुलतभाऊ पूजा करतो आणि हा मागे, बाकीच्यांत बसतो.

"तुम्ही एक डाव या, सर," ती प्रत्येक फोनला म्हणायची.

मी म्हणायचो, "येतो."

चार वर्षं मी येतो म्हणत होतो.

त्या काळात पुस्तकं बंदच झाली. एकदा पेटी उघडून एक काढलं. आधी वाचलेलंच होतं. आठव्या प्रकरणात त्यात माळ्यावर संशय येतो. साधा माणूस, त्याच्या बुटाला चिखल असतो. पोलीस त्याला सगळ्यांसमोर धरून नेतात. दोन प्रकरणांनंतर कळतं की तो नव्हता, त्याला सोडून देतात आणि गोष्ट पुढे जाते. पूर्वी मीही पुढे गेलो होतो. या वेळी तिथेच अडकलो. त्या माळ्याचं नंतर काय झालं? तो परत त्याच बागेत कामाला गेला का? गावातल्या दुकानात त्याच्याशी लोक कसे बोलले? हे त्यात नव्हतं. मी पेटीतली आणखी पाच-सहा पुस्तकं चाळली. प्रत्येकात असा एक माणूस होता, आणि एकातही त्याचं पुढचं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं मी ही पुस्तकं वाचत होतो आणि तो माणूस मला कधी दिसला नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर शेतकऱ्यांच्या सहलीच्या गाड्या आल्या होत्या. धानाचं बियाणं दाखवायला गावोगावची माणसं आणतात. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. काठी टेकत एक म्हातारा रस्ता ओलांडून आला, मागे त्याची सून. मला वाटलं उठून जावं. खरंच वाटलं. पण तोवर त्याने मला पाहिलं होतं.

मी उभा राहिलो. "ओळखलं का?"

"सीआयडी साहेब," तो म्हणाला. हसला नाही.

मी दोघांना बसायला जागा दिली. चहा सांगितला. मग एकदम बोलून टाकलं, "माझं चुकलं होतं. आग माझ्या जाळरेषेतून आली होती."

"माहीत हाय."

"माहीत आहे?"

"आमीच इझवली न. कुठून आली थे दिसते."

"मग त्या दिवशी बोलले का नाही?"

सून म्हणाली, "तुम्ही बोलू कुठी देऊन राह्यले होते?"

मी म्हणालो, मला माफ करा. दोनदा म्हणालो. पेरमा चहा फुंकून पीत होता. कप खाली ठेवून त्याने इकडेतिकडे पाहिलं, टपरीवाल्याकडे, एसटीची वाट बघणाऱ्या माणसांकडे.

"हे माहं गाव हाय का?" तो म्हणाला.

"नाही."

"मंग इथी काऊन सांगतो? तू तथी बोलला होता, साऱ्यांत. इथी माफ केलं तं तथी कोणाले समजल?" काठी हातात घेऊन तो उठला. "पंडुमले ये."

सून जाता जाता म्हणाली, "अन् खुर्ची नका मागजा या टायमाले."

त्या आठवड्यात मी आधी ऑफिसला सगळं लिहून दिलं, जाळरेषेवरून लवकर गेल्याचं आणि जबाबाचा कागद काढल्याचंही. वरचे साहेब म्हणाले, "चार वर्षं होत आली, आता कशाला उकरता?" पण कागद आला होता, त्यामुळे मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळाल्यावर थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीही लाज वाटली, कारण ते सोपं होतं.

यंदा मार्चमध्ये वनरक्षकेने दिवस कळवला. सकाळी पोचलो. वाटेत ते झाड लागलं. खाली फुलं पडलेली होती, कुणी हात न लावलेली, आणि सगळीकडे तो गोड, जड वास. गोटुलसमोर लोक जमले होते, तेव्हापेक्षा जास्त. चुलतभावाने पूजेची मांडणी केली होती, पण सुरुवात केली नव्हती. पेरमा मागच्या ओळीत होता. त्याच्या सुनेने मला हाताने दाखवलं, तिथे उभं राहा. ती जागा तीच होती. खुर्ची नव्हती.

"तुम्ही मराठीत बोला," ती म्हणाली, "मी आमच्या भाषेत सांगते."

मी रात्रभर मनात जुळवलं होतं. उभा राहिल्यावर जाणवलं की ते सगळं पुन्हा शेवटच्या प्रकरणासारखंच जुळवलेलं आहे, आधी हे, मग ते, आणि शेवटी माझं नाव. मी ते सोडून दिलं.

"ती आग माझ्यामुळे लागली," मी म्हणालो.

तिने सांगितलं. कुणालाच नवल वाटलं नाही.

"जाळरेषा विझेपर्यंत मी थांबायला हवं होतं. नियम आहे, मला माहीत होता, माझ्या हाताखालच्या बाईने तो पाळला. मी थांबलो नाही. मला घरी जाऊन पुस्तक वाचायचं होतं."

सून माझ्याकडे वळली. "पुस्तक?"

"हो."

तिने सांगितलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने काहीतरी विचारलं.

"थे म्हणते, कायचं पुस्तक?"

"चोर शोधायचं."

हे तिने सांगितल्यावर सगळे हसले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मागचा तो माणूस मांडीवर थाप मारून हसला. मी हसू दिलं. माझा चेहरा तापला होता. पेरमा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, चार वर्षांपूर्वी 'पंडुम नाई झाला अजून' म्हणायच्या आधी बघत होता तसाच.

मी त्याच्यासमोर गेलो. तो बसलेला होता, म्हणून मीही खाली बसलो. वनरक्षक मला म्हणाली होती की त्या दिवशी मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत 'तू' म्हणत होतो, हे तिला आगीपेक्षा जास्त आठवतं. मला ते आठवतही नव्हतं. हसणं थांबेपर्यंत मी थांबलो आणि मग मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"भाऊ, तुम्ही पाला जाळला नव्हता. पंडुमच्या आधी तुम्ही फुलाला हात लावला नव्हता. तुम्ही माझी आग विझवली, आणि मी तुमच्याच गावात तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुम्ही खरं सांगत होता, ते मी ऐकलं नाही. नंतर कळलं, तरी चार वर्षं आलो नाही. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. मला माफ करा."

सुनेने ते गोंडीत सांगितलं, तेव्हा चुलतभाऊ मांडणीपासून बाजूला सरकला आणि पेरमा काठी टेकत उठला.